कोपरे कुठं गेले?

सुटलेला पत्रा धरायचा नसतो. पाय मागं घ्यायचे आणि पडतोय तिथं पडू द्यायचा. पत्रेवाला तीस वर्षं हे बायकोला, पोरीला, दुकानात डोकावणाऱ्या प्रत्येकाला सांगत आला होता. पण त्या दिवशी पत्रा नवा कोरा होता, कड वाकली तर अख्खा वाया जाईल असं मनात आलं आणि हात आपसूक पुढं गेला. उजव्या अंगठ्याखालचा मांसल भाग असा उघडला की आतलं पांढरं त्याला स्वतःलाच दिसलं. तो ओरडलासुद्धा नाही. नुसता खाली बसला.

दवाखान्यात नऊ टाके पडले. डॉक्टर म्हणाले, "सहा आठवडे या हातानं काही धरायचं नाही."

"जेवायचं कसं?"

"डाव्यानं."

"आणि कात्री?"

डॉक्टरांनी पट्टीची गाठ तेवढी जास्त आवळली.

पिकं कापणीला यायला महिना उरला होता. सोसायटीनं धान्य साठवायच्या साठ कोठ्या सांगितल्या होत्या. दोन फूट रुंद, अडीच फूट उंच, वर झाकण. बावीस झाल्या होत्या. आता पत्रे भिंतीला टेकून उभे होते आणि पत्रेवाला त्यांच्यासमोर पट्टी बांधलेला हात छातीशी धरून बसला होता.

कथील वितळवून सांधे जोडायचं, म्हणजे डाग द्यायचं काम त्याच्या बायकोला येत होतं. शेगडी, कथील, ते सगळं तीच बघायची. पण पत्रा कापणं हे वेगळं काम. त्याला मनगट लागतं आणि डोळा लागतो. दोन्ही घरात एकाच माणसाकडे होतं, ती त्याची थोरली मुलगी. लहानपणापासून ती कात्रणांच्या बाहुल्या करत आली होती. कात्री तिच्या हातात तेव्हापासूनची.

"तिची बारावी आहे," बायको म्हणाली.

"मला माहीत नाही?"

"माहीत आहे ना? मग तिच्याकडे बघू नका असं."

तो खरंच थोरलीकडे बघत होता. थोरलीनं दप्तर खुंटीला अडकवलं, ओढणी कमरेला बांधली आणि कात्री उचलली.

तिच्या बारावीचं वेगळंच दुखणं होतं. गणिताचे सर पावसाळा संपता संपता बदली होऊन गेले आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. वर्गात गणित घेतलेले तिघंच. थोरली, कंपाउंडरचा मुलगा लंबू, आणि एक बारीक चणीची मुलगी, जिचं अक्षर इतकं लहान की सगळी शाळा तिला मुंगी म्हणायची. मुख्याध्यापक इतिहासाचे. त्यांनी तिघांना बोलावून सरळ सांगितलं होतं, "शिक्षक नाहीत. मी सहामाहीचा पेपर दुसऱ्या शाळेतून मागवतो. चाळीसपैकी वीस पडले तर गणित ठेवा. नाही पडले तर अर्ज बदलून भूगोल घ्यायचा. निकाल कमी लागला की शाळेचं नाव खाली येतं आणि मला उत्तर द्यावं लागतं."

म्हणून तिघं एकमेकांना शिकवत होती. आधी ती शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर बसायची. पत्रेवाल्याचा हात कापला आणि थोरली शाळा सुटली की थेट दुकानात यायला लागली. तिसऱ्या दिवशी लंबू आणि मुंगी तिच्या मागोमाग वह्या घेऊन आली.

"काका, इथं बसलो तर चालेल?" लंबूनं विचारलं. दाराची चौकट त्याला वाकून ओलांडावी लागली.

"बसा. कडांना हात लावू नका. माझ्याकडे बघा आणि शहाणे व्हा."

तेव्हापासून रोज दुपारी चार ते दिवे लागेपर्यंत दुकानात गणित चालायला लागलं. मुंगी उदाहरण वाचायची. थोरली कापता कापता ऐकायची, कात्री मध्येच थांबायची, मग ती सांगायची, "आधी एकच अक्षर ठेव. दुसरं त्याच्यात बसव. मग डेरिव्हेटिव्ह काढ, शून्य धर." मुंगी लिहायची, लंबू आकडेमोड करायचा. अडलं की लंबू उठून उभा राहायचा आणि डोकं वाशाला आपटून खाली बसायचा. मुंगीला एकदा सांगून कळायचं नाही. ती तोंड वर करून म्हणायची, "पुन्हा." थोरली पुन्हा सांगायची. चौथ्या वेळी सांगताना थोरलीलाच काहीतरी नवं सापडायचं आणि ती म्हणायची, "अगं थांब, हे तर मलाही आत्ताच कळलं."

पत्रेवाला डाव्या हातानं पत्रा दाबून धरायचा. दुसरं काम त्याला नव्हतंच. चाळीस-पन्नास वर्षांच्या आयुष्यात असा रिकामा तो कधी बसला नव्हता. पोरीनं सरळ रेघ कापली की त्याला बरं वाटायचं, आणि त्याच वेळी आपण कुचकामी झालो असंही वाटायचं. गिऱ्हाईक दारात येऊन विचारायचं, "काय, पोरीच्या हाताखाली का?" तो हसायचा. हसणं आतून यायचं नाही.

थोरलीच्या तळव्याला फोड आले. ते फुटले आणि पुन्हा आले. तिनं कात्रीच्या मुठीला चिंधी गुंडाळली. ती वही हातात घेत नाही, नुसतं तोंडानं सांगते, हे त्याच्या लक्षात आलं होतं. पण सांगताना ती इतकी बिनचूक सांगायची, की लिहिलं काय आणि न लिहिलं काय, असं त्याला वाटून गेलं.

एके दिवशी मुंगीनं उदाहरण वाचलं, "दिलेल्या घनफळाचा, दोन्ही बाजूंनी बंद, गोल डबा करायचा आहे. पत्रा कमीत कमी लागावा, तर डब्याची उंची आणि व्यास यांचं प्रमाण काढा."

"काका, तुमचंच उदाहरण," लंबू म्हणाला.

तिघांनी ते दहा मिनिटांत सोडवलं. उत्तर आलं, उंची आणि व्यास सारखे. मुंगीनं पुस्तकाच्या मागं बघितलं. बरोबर होतं.

पत्रेवाल्याला हसू आलं. "म्हणजे दोन फूट रुंद तर दोन फूट उंच?"

"हो."

"कुणी सांगितलं?"

"गणितानं," मुंगी म्हणाली.

"तुमच्या गणितानं कधी पत्रा कापलाय का? झाकण गोल, तळ गोल. पत्रा काय गोल येतो? चौकोनातून गोल काढलास की चार कोपरे उरतात." त्यानं पायानं ढिगाऱ्यातली कात्रणं पुढं ढकलली. "हे कोपरे कुठं गेले तुमच्या पुस्तकात?"

लंबूनं एक कोपरा उचलून उलटा-सुलटा करून बघितला.

थोरलीनं कात्री खाली ठेवली होती. तिचा चेहरा पत्रेवाल्याला ओळखीचा होता. लहानपणी गाठ सुटली नाही की ती अशीच बघायची. "लिही गं मुंगी," ती म्हणाली. "गोल धरायचाच नाही. चौकोन धर. तळाला एक, झाकणाला एक. चौकोनाची बाजू व्यासाइतकी. त्रिज्या आर, म्हणजे दोन चौकोन मिळून आठ आर वर्ग. बाजूचा पत्रा पहिल्यासारखाच."

लंबूनं आकडे घातले. खोडले. पुन्हा घातले. मग तो म्हणाला, "उंची व्यासाच्या सव्वापटीपेक्षा किंचित जास्त. दोन फुटांना साडेतीस इंच." आणि वही टाकून त्यानं मोजपट्टी घेतली, तयार कोठीला लावली. "तीस! काका, तीस आहे!"

मुंगी टाळ्या वाजवायला लागली. "काका, तुम्ही डेरिव्हेटिव्ह काढता!"

पत्रेवाल्यानं कोठीच्या कडेवर डावा हात टेकवला. खरं तर अडीच फुटांचं कारण वेगळंच होतं. बाई कंबरेत वाकली की तिची बोटं कोठीच्या तळाला टेकली पाहिजेत, नाहीतर शेवटचं पायलीभर धान्य आतच राहतं आणि त्याला कीड लागते. त्याच्या उस्तादानं त्याला हेच शिकवलं होतं. पण तीन पोरं त्याच्याकडे अशी बघत होती, आणि गेले दहा दिवस त्याच्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं. त्यानं गळ्यावरचा घाम डाव्या हातानं पुसला. "काढतो म्हणजे," तो म्हणाला, "अनुभव असतो."

बायकोनं शेगडीपाशी बसल्या जागी एकदाच वर बघितलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सोसायटीचा सचिव आला. चाळीस कोठ्या उद्या न्यायच्या आहेत, गाडी सांगून ठेवली आहे म्हणाला. अडतीस झाल्या होत्या. "दोनच तर आहेत," सचिव म्हणाला आणि पत्रेवाल्याच्या पट्टीकडे बघून पुढं म्हणाला, "नसेल जमत तर तसं सांगा. पलीकडच्या गावात आहे एक जण."

सचिव गेला. पत्रेवाला थोरलीकडे बघणार नाही असं ठरवून भिंतीकडे बघत बसला. थोरलीनं पत्रा ओढला. दोन्ही कोठ्या झाल्या तेव्हा दिवे लागत होते आणि तिच्या उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. आईनं गरम पाण्याचं पातेलं पुढं ठेवलं. थोरली त्यात हात बुडवून बसून राहिली. वही तिनं त्या दिवशी उघडलीच नाही.

आठवड्यानं निकाल लागला. लंबूला सव्वीस, मुंगीला एकवीस, थोरलीला अठरा.

मुंगी रडत दुकानात आली. जिला कमी पडले ती रडत नव्हती. ती कापत होती.

"अठरा कसे?" पत्रेवाल्यानं विचारलं. "ह्या दोघांना तूच शिकवलंस ना?"

"बावीस मार्कांचंच लिहून झालं," थोरली म्हणाली. "हात चालत नव्हता."

"आणि त्यातले चार?"

थोरलीनं पुन्हा पत्र्यात कात्री घातली. लंबूनं सांगितलं, "काका, डब्याचं उदाहरण आलं होतं. हिनं कोपरे धरले."

पत्रेवाल्याला वाटलं, आपल्या तोंडात कुणी तरी कथलाचा तुकडा ठेवला आहे. "आणि तुम्ही?"

"आम्ही पुस्तकातलं लिहिलं," मुंगी म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी त्यानं धुतलेला सदरा घातला. पत्र्याचा एक चौकोन घेतला, त्यातून निघालेली चकती घेतली, चार कोपरे घेतले, सगळं फडक्यात बांधलं आणि शाळेत गेला. कारकुनानं व्हरांड्यातच अडवलं. "हे काय? भंगार आत आणायचं नाही. फरशीला चरे पडतात."

"दाखवायला आणलंय."

"बाहेर ठेवा."

त्यानं फडकं पायरीपाशी ठेवलं. त्याला तिथंच बाकावर बसवलं. एक तास गेला, दुसरा गेला. पोरं येता-जाता फडक्याकडे बघत होती. एकानं पाय लावून बघितला, आत खणखण झालं, पोरं हसली. पत्रेवाला उठला नाही. त्याला तीन वेळा वाटलं की निघून जावं, आणि तिन्ही वेळा थोरलीचा पाण्यात बुडवलेला हात डोळ्यांपुढं आला.

मुख्याध्यापकांनी बोलावलं तेव्हा तो रिकाम्या हातानं आत गेला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "साहेब, ते उत्तर माझं आहे. शून्य मला द्या."

"कसलं उत्तर?"

त्यानं सांगितलं. पत्रा, चौकोन, कोपरे, पोरीचा दुखरा हात. पुस्तकाची चेष्टा आपण केली, पोर आपल्या नादाला लागली. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. ते थकलेले होते. त्यांनी कपाटातून पेपर काढला, उत्तरांचा कागद काढला आणि दोन्हींकडे आळीपाळीनं बघितलं. "मला यातलं एक अक्षर कळत नाही," ते म्हणाले. "मी फक्त ह्याच्यासारखं ते आहे का एवढं बघितलं." मग शिपायाला सांगून त्यांनी तिघांना बोलावलं.

वडिलांना तिथं बघून थोरलीचा चेहरा उतरला.

"तुझं उत्तर बरोबर आहे असं तुझे वडील म्हणतात," मुख्याध्यापक म्हणाले.

"नाही सर. चूक आहे."

पत्रेवाल्यानं दचकून तिच्याकडे बघितलं.

"प्रश्नात पृष्ठफळ विचारलं होतं," थोरली म्हणाली. "डब्याचं. किती पत्रा कापला ते विचारलंच नव्हतं. मी पहिली ओळ वाचली आणि लिहीत सुटले. तीन आठवडे मी तेच कोपरे पायाखाली तुडवतेय, सर. ते नाहीत असं लिहायला हातच वळला नाही. पण चूक ती चूक."

"मग खऱ्या डब्याला बरोबर काय? तुझं की पुस्तकाचं?" मुख्याध्यापकांनी विचारलं. त्यांच्यातला मास्तर आता जागा झाला होता.

"खऱ्या डब्याला माझं. बाबांच्या कोठ्या तशाच असतात."

आता गप्प बसणं पत्रेवाल्याला जड गेलं. त्यानं घसा खाकरला. "तेही खरं नाही, साहेब. कोठीची उंची मी गणितावरून ठरवत नाही. बाई वाकली की तिचा हात तळाला पोचला पाहिजे, म्हणून अडीच फूट. ह्या पोरांनी गणित केलं आणि ते जुळलं. मला बरं वाटलं, म्हणून बोललो नाही."

लंबूला हसू फुटलं. मुंगीनं त्याला कोपर मारलं आणि तीही हसली. थोरली वडिलांकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग होता, आणि रागाच्या खाली दुसरंही काही होतं, त्याला नाव देणं त्याला जमलं नाही.

मुख्याध्यापक हसले नाहीत. त्यांनी लंबूला विचारलं, "तुला सव्वीस आहेत. उरलेलं अर्धं पुस्तक तू हिला शिकवशील?" आणि मुंगीकडे बोट दाखवलं.

लंबू चुळबुळला. "मला सोडवता येतं सर. सांगता येत नाही."

"आणि तू? तू एकटी करशील?"

मुंगी म्हणाली, "सर, मला एकवीस आहेत ना, त्यातले अठरा हिचेच आहेत."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "अठराचे वीस मी करणार नाही," ते थोरलीला म्हणाले. "अर्ज बदलायची मुदत वीस दिवसांनी संपते. पंधरा दिवसांनी दुसरा पेपर मागवतो. तो पूर्ण लिहायचा. अर्धा लिहून आणलास आणि हात दुखतो म्हणालीस, तर मी ऐकून घेणार नाही. आणि तोपर्यंत गणिताचा तास रिकामा जातो तो जायचा नाही. फळा आहे, खडू आहे. तू उभी राहायचं. मी मागं बसेन."

"तुम्ही?"

"मला किमान उत्तर वाचता तरी यायला हवं."

बाहेर पडल्यावर पत्रेवाल्यानं पायरीवरचं फडकं उचललं. थोरली दोन पावलं पुढं चालत होती. फाटकापाशी ती थांबली, त्याच्या हातातलं ओझं घेतलं आणि म्हणाली, "बाबा, बाईच्या हाताचं आधी सांगितलं असतंत तर मी तेही गणितात घातलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं," तो म्हणाला.

ती हसली नाही, पण फाटकाबाहेर त्याच्या बरोबरीनं चालायला लागली.

त्या दुपारी चारला तिघं दुकानात आली. चौदा कोठ्या अजून बाकी होत्या. थोरलीनं सवयीनं ओढणी कमरेला बांधली आणि कात्रीकडे हात नेला, तर कात्री मुंगीच्या हातात.

"ठेव ती," थोरली म्हणाली. "हात कापशील."

"तू लिही. मी कापते."

"तुला येत नाही."

"मग सांग. मला चार वेळा सांगावं लागतं, तुला माहीतच आहे." मुंगीनं लंबूकडे बघितलं. लंबूनं कोरी वही आणि पेन थोरलीपुढं ठेवलं, आपल्या वडिलांचं मनगटी घड्याळ खिशातून काढून वहीशेजारी ठेवलं आणि म्हणाला, "चाळीस मार्क, दीड तास. मी पत्रा धरतो. काका, तुम्ही सरका."

पत्रेवाला सरकला. थोरली त्याच्याकडे बघत होती, जणू त्यानं काही तरी म्हणावं. साठ कोठ्या वेळेवर गेल्या नाहीत तर सचिव पुन्हा येणार, पलीकडच्या गावातल्या माणसाचं नाव पुन्हा काढणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. बायकोनं शेगडीवरचं भांडं खाली उतरवलं आणि तीही वाट बघत राहिली.

"बस," तो म्हणाला. "लिही."

ती लिहायला बसली. पहिल्या पानावर अक्षरं वाकडीतिकडी पडत होती, दोनदा तिनं पेन ठेवून बोटं झाडली. इकडे मुंगीनं पत्र्यात कात्री घातली. पत्रा बारक्या पोरीला दाद देईना. ती दोन्ही हातांनी मूठ दाबत होती, जीभ दाताखाली धरली होती आणि दर वीतभरानं विचारत होती, "आता?" पत्रेवाला सांगत होता, "रेघेवर डोळा ठेव. कात्रीकडे बघू नकोस." तिनं चकतीची फेरी पूर्ण केली तेव्हा वीस मिनिटं गेली होती. थोरलीला तेवढंच कापायला चार लागत.

मुंगीनं चकती दोन्ही हातांत धरून त्याच्यापुढं केली. एका बाजूला ती रेघेच्या आत गेली होती, दुसऱ्या बाजूला बाहेर. कडेला दात पडले होते. पत्रेवाल्याच्या दुकानातून अशी कड तीस वर्षांत बाहेर गेली नव्हती. एकदा त्यानं याच्यापेक्षा चांगली चकती उस्तादाला दाखवली होती तेव्हा उस्तादानं ती त्याच्या तोंडासमोर रस्त्यावर भिरकावली होती.

थोरलीनं वहीतून डोकं वर काढलं. तिला लांबूनच दिसलं. पेन खाली ठेवून ती उठायला लागली.

पत्रेवाल्यानं डाव्या हातानं चकती घेतली, तिची कड अंगठ्यानं चाचपली आणि बायकोकडे दिली. "इथं थोडं कथील जास्त घाल," तो म्हणाला. मग मुंगीला म्हणाला, "छान आहे. दुसरी घे."

आणि थोरलीकडे न बघताच म्हणाला, "तू बस खाली. घड्याळ चालू आहे."